परके दुकान, परकी डोंगरवाट : स्वित्झर्लंडमधील पायी प्रवाशासाठी

परदेशाची ओळख करून देणारी पुस्तके बहुधा संग्रहालये, जुनी चर्चे आणि बर्फाच्छादित शिखरे यांच्या वर्णनांनी भरलेली असतात. त्या देशाचे रोजचे जीवन ज्या दोन ठिकाणी प्रवाशाच्या प्रत्यक्ष हाताला लागते, ती म्हणजे किराणा मालाचे दुकान आणि गावाबाहेर पडणारी पाऊलवाट. यांच्याविषयी ही पुस्तके सहसा मौन पाळतात. वास्तविक या दोन्ही ठिकाणी प्रवासी एकटा असतो. मार्गदर्शक बरोबर नसतो, भाषा अवगत नसते, आणि निर्णय तर घ्यावाच लागतो: ही डबी उचलावी की ती, ही वाट धरावी की ती. चुकीची डबी उचलली तर चार-पाच फ्रँक वाया जातात, किंवा एखाद्याचे आयुष्यभराचे व्रत मोडते. चुकीची वाट धरली तर प्रसंगी प्राणावर बेतते.

या दोन्ही गोष्टींचा अभ्यास करण्यासाठी स्वित्झर्लंडइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. भारतीयांना हा देश चित्रपटांमुळे परिचित आहे. यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ साली इंटरलाकेन या गावी उभारण्यात आला, यावरून त्या परिचयाची खोली ध्यानात यावी. परंतु सहलीच्या मोटारीतून, बरोबर स्वयंपाकी घेऊन जो प्रवासी हा देश पाहतो, त्याला दुकानाची वा पाऊलवाटेची गरज पडत नाही. गरज पडते ती वेगळ्याच प्रवाशाला. झुरिच, बाझेल किंवा जिनिव्हा येथे नोकरी करणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे दोन-तीन महिने राहावयास गेलेले आईवडील हे या प्रवाशाचे नमुनेदार रूप होय. घरातील माणसे सकाळी कामावर निघून जातात आणि मग दिवसभर खिडकीतून डोंगर पाहत बसणे एवढेच या पाहुण्यांच्या हाती उरते. पुणे, कोलकाता किंवा कोइमतूर येथे चाळीस वर्षे स्वतःचा संसार चालविलेल्या व्यक्तीला दूध आणावयासही दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे हे दुःख लहान नाही. पुढील विवेचन मुख्यतः अशांसाठी आहे. एकट्याने किंवा मित्रांसमवेत स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या तरुण प्रवाशासही ते उपयोगी पडेल.

प्रारंभ विमानतळापूर्वीच करावयास हवा. युरोपीय संघाबाहेरील देशांतून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. याचा अर्थ घरचे साजूक तूप, पेढे, खवा हे सर्व वर्ज्य. ताज्या फळांच्या व भाज्यांच्या बाबतीत २०२० पासून नियम अधिक कडक झाले असून वनस्पतींच्या आरोग्याचा अधिकृत दाखला असल्याखेरीज ती नेता येत नाहीत. अपवाद अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांचा आहे. आंबा या यादीत नाही, कढीपत्ताही नाही. नातवंडांसाठी प्रेमाने बांधून नेलेली हापूसची पेटी सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे सोडून द्यावी लागणे हा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे.

शिवाय कढीपत्त्यासाठी एवढा अट्टहास करण्याचे कारणही उरलेले नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतील यादवीमुळे हजारो तमिळ कुटुंबे स्वित्झर्लंडमध्ये आश्रयास आली आणि स्थायिक झाली. परिणामी बहुतेक सर्व शहरांत आज तमिळ वाण्यांची दुकाने आढळतात. डाळी, शेवग्याच्या शेंगा, चिंच, कढीपत्ता, इडलीचे तांदूळ हे सर्व तेथे मिळते. आणि मुख्य म्हणजे दुकानदाराशी दोन शब्द बोलता येतात. तमिळ वाचकांना तर भाषेचीही अडचण नाही.

दुकानात

रोजच्या वस्तूंसाठी मात्र स्थानिक दुकानातच जावे लागते. मिग्रो आणि कोप ही तेथील दोन मोठी नावे. मराठी कानाला दुसरे नाव काहीसे धाक घालणारे वाटेल, परंतु त्याचा रागाशी संबंध नसून ते सहकारी संस्थेच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. ग्राहक मंडळांचा जो संघ १८९० साली स्थापन झाला, त्यातून ही संस्था वाढली. मिग्रोचा इतिहास अधिक रंजक आहे. गॉटलीब डुटवायलर नावाच्या व्यापाऱ्याने १९२५ साली झुरिचमध्ये पाच मालमोटारी रस्त्यावर आणल्या आणि त्यांतून केवळ सहा वस्तू विकावयास प्रारंभ केला: कॉफी, तांदूळ, साखर, शेवयांसारखे पिठाचे पदार्थ, नारळाचे घट्ट तेल आणि साबण. मध्यस्थ वगळल्यामुळे भाव उतरले. प्रस्थापित दुकानदार खवळले, आणि गृहिणी मात्र मोटारीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभ्या राहू लागल्या. १९४१ साली डुटवायलर यांनी आपल्या या उद्योगाचे सहकारी संस्थेत रूपांतर केले. मिग्रोच्या मूळ दुकानांत दारू व तंबाखू विकली जात नाही. हे धोरण बदलावे काय, असा प्रश्न २०२२ साली सभासदांपुढे ठेवण्यात आला, तेव्हा दहाही प्रादेशिक संस्थांच्या सभासदांनी मद्यविक्रीस नकार दिला. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील किंवा गुजरातमधील वाचकाला या कथेत पुष्कळसे ओळखीचे वाटेल. लहान खेड्यांतून मात्र या दोहोंऐवजी फोल्ग या नावाचे दुकान आढळते. अनेक गावांत तर ते एकमेव दुकान असते.

दुकानाविषयी पहिली जाणून घ्यावयाची गोष्ट म्हणजे ते केव्हा बंद असते. रविवारी दुकाने बंद असतात, हे वाक्य प्रवासी वाचतो आणि विसरतो. भारतीय मनाला रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, ही सवय सहजी सुटत नाही. शनिवारीही बहुतेक दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात, खेड्यांत तर चारच्या सुमारासच, आणि काही ठिकाणी दुपारच्या जेवणाच्या वेळीही दार लावलेले असते. अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतील व विमानतळांवरील दुकानांचा. प्रवाशांच्या सोयीसाठी ती रविवारीही उघडी ठेवण्यास कायद्याने मुभा आहे. शनिवारी रात्री घरात दूध नसल्याचे ध्यानात आले, तर निराश न होता जवळचे मोठे स्थानक गाठावे.

आत शिरताच ढकलगाडी घ्यावी लागते. अनेक ठिकाणी त्या एकमेकींना साखळीने जोडलेल्या असतात; एक किंवा दोन फ्रँकचे नाणे खाचेत घातले की गाडी सुटते आणि गाडी परत जागेवर लावली की नाणे परत मिळते. हा कर नव्हे, अनामत होय. फळे व भाज्या बहुधा ग्राहकानेच तोलावयाच्या असतात. प्रत्येक मालाच्या पाटीवर किमतीशेजारी एक क्रमांक ठळक अक्षरांत छापलेला असतो. माल तराजूवर ठेवावा, तो क्रमांक दाबावा, आणि बाहेर येणारी चिकटपट्टी पिशवीला लावावी. हे न करता थेट पैसे देण्याच्या खिडकीशी गेले म्हणजे विक्रेतीला उठून तोलावयास जावे लागते आणि मागची रांग खोळंबते. कोणी ओरडत नाही, पण त्या शांततेनेच नवख्या माणसाला घाम फुटतो. भाव करण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. मात्र संध्याकाळी, दुकान बंद होण्याच्या सुमारास, त्याच दिवशी संपावयास हव्यात अशा वस्तूंवर पाव किंवा अर्धी किंमत कमी केल्याच्या चिकटपट्ट्या लागतात. पाव, दही, कापलेली फळे त्या वेळी स्वस्तात मिळतात आणि सुस्थितीतील स्थानिक लोकही ती निःसंकोच घेतात.

किमती पाहताना मोठ्या आकड्याशेजारी छापलेला बारीक आकडाही पाहावा. शंभर ग्रॅमला किंवा लिटरला काय भाव पडतो, ते त्यात दिलेले असते, आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते हा समज त्यावरून पुष्कळदा खोटा ठरतो. प्रत्येक किमतीचे रुपयांत रूपांतर करण्याची सवय मात्र पहिल्या आठवड्यातच सोडावी. अन्यथा फ्लॉवरचा एक गड्डाही घेण्याचे धैर्य होणार नाही.

आता लेबलाकडे वळू. शाकाहारी प्रवाशाची खरी परीक्षा येथेच होते. भारतात खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असणे सक्तीचे आहे, आणि त्या खुणेने आपल्याला इतके निश्चिंत केलेले आहे की घटकांची यादी वाचण्याची सवयच राहिलेली नाही. स्वित्झर्लंडमध्ये अशी सक्तीची खूण नाही. पिवळ्या वर्तुळात पान फुटलेले हिरवे ‘व्ही’ अक्षर, हे शाकाहाराचे चिन्ह तेथे आढळते, पण ते ऐच्छिक आहे. चिन्ह असेल तर पदार्थ शाकाहारी आहे असे समजावे. चिन्ह नसेल तर तेवढ्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हा यादीच वाचावी लागते, आणि ती जर्मन, फ्रेंच व इटालियन अशा तीन भाषांत असते. तीन भाषा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. उलट हीच सोय आहे, कारण एका भाषेतला शब्द अडला तर दुसरीतला ओळखीचा निघतो.

कामापुरते शब्द पुढीलप्रमाणे आहेत. डुकराच्या मांसाला जर्मनमध्ये ‘श्वाइन’, फ्रेंचमध्ये ‘पोर’ आणि इटालियनमध्ये ‘मायाले’ म्हणतात. गोमांसाला अनुक्रमे ‘रिंड’, ‘बफ’ आणि ‘मान्झो’. ‘श्माल्त्स’ म्हणजे चरबी, आणि ती बहुधा डुकराची असते. ‘जेलाटीने’ हा शब्द तिन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे. प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेला हा पदार्थ चघळावयाच्या गोळ्यांत, काही दह्यांत आणि थंड केलेल्या गोड पदार्थांत असतो, जेथे त्याची शंकाही येणार नाही. ‘ई १२०’ हा लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो. पाकिटावरील अक्षरे रोमन असल्यामुळे हे शब्द घरातील जाणत्या माणसाकडून रोमन लिपीत एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावेत आणि ती चिठ्ठी पैशांच्या पाकिटात ठेवावी. चष्मा विसरू नये, हे सांगणे क्षुल्लक वाटेल. पण घटकांची यादी ज्या बारीक टाइपात छापलेली असते तो पाहिल्यावर ते तसे वाटणार नाही.

चीजचा प्रश्न स्वतंत्र आहे. दूध फाडण्यासाठी जे विकर वापरतात त्याला जर्मनमध्ये ‘लाब’ म्हणतात. पारंपरिक पद्धतीत ते वासराच्या जठरातून काढले जाते. ग्रुयेरसारखी जी नामवंत चीज परंपरेच्या नियमांनी बांधलेली आहेत, त्यांत हेच विकर असते. अन्य अनेक चीजांत सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले विकर वापरतात, आणि त्यांवर पुष्कळदा ते ‘व्ही’ चिन्ह असते. हे कळल्यावर काय करावयाचे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न होय. न कळता खाणे आणि कळून निर्णय घेणे यांत अंतर आहे, एवढेच येथे सांगावयाचे.

सुदैवाने दुग्धविभागात आनंदाच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. ‘क्वार्क’ नावाचा आंबटसर पदार्थ आपल्या चक्क्याचा जवळचा नातलग आहे. त्यात साखर, वेलदोडा आणि केशर घालून श्रीखंड करता येते, आणि स्वित्झर्लंडमधील अनेक मराठी घरांतून ते तसेच केले जाते. साधे दही ‘नातुर’ असे लिहिलेल्या डब्यात मिळते आणि घरच्या विरजणाची अडचण भागते. मीठ नसलेले लोणी घेऊन मंद आचेवर कढविले की तूप होते, त्यामुळे सीमेवर अडकलेल्या तुपाचा फारसा शोक करण्याचे कारण नाही. मसूर, हरभरे आणि बासमती तांदूळ साध्या दुकानांतही मिळतात.

तारखांच्या बाबतीत दोन शब्दप्रयोग ओळखावेत. ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थ उत्तम राहील. नंतर तो लगेच टाकून द्यावा असे नाही. ‘त्सु फेरब्राउखेन बिस’ म्हणजे त्या तारखेच्या आत संपवावयासच हवा, आणि येथे काटकसर करू नये.

पैसे देताना विक्रेती प्रथम ‘ग्रुएत्सी’ म्हणून अभिवादन करते, मग दुकानाचे सवलतपत्र आहे काय असे विचारते. हा प्रश्न न समजल्यामुळे कित्येक नवखे प्रवासी गोंधळून पैशांचे पाकीटच पुढे करतात. ‘नाईन’ म्हटले की काम भागते. नाण्यांत सर्वांत लहान नाणे पाच रॅपेनचे असल्याने रोखीने दिलेली रक्कम त्या प्रमाणात पूर्ण केली जाते. त्यात फसवणूक नाही. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नयेत. नळाचे पाणी निर्धोक असते, आणि एकट्या झुरिच शहरात बाराशेंहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत, ज्यांखाली बाटली धरून भरता येते.

वाटेवर

स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्शाइतके आहे. एवढ्या भूमीवर खुणा केलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते, म्हणजे विषुववृत्ताच्या दीडपट. हे जाळे आपोआप निर्माण झाले नाही. १९३० नंतरच्या काळात मोटारी घाटरस्त्यांवर येऊ लागल्या आणि पायी चालणाऱ्यांना धूळ खात कडेला उभे राहण्याची पाळी आली. योहान याकोब एस या शिक्षकाला विद्यार्थ्यांसह क्लाउझेन घाटात हा अनुभव आला आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात, देशभर त्यांच्या खुणा एकसारख्या असाव्यात, असे त्याने मनावर घेतले. १९३४ साली ओटो बिंडर यांच्या साहाय्याने त्याने यासाठी संघटना स्थापन केली. पुढे १९७९ साली नागरिकांनी मतदान करून पायवाटांची तरतूद थेट देशाच्या राज्यघटनेत केली आणि १९८५ साली त्यासंबंधी कायदा झाला. मोटाररस्त्यामुळे एखादी पायवाट नष्ट होत असेल, तर तिला पर्यायी वाट देणे या कायद्याने बंधनकारक आहे. ज्या देशांत पादचाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, तेथील वाचकाने हे वाक्य दोनदा वाचावे.

खुणांची भाषा अल्पशी असून ती अर्ध्या तासात शिकता येते. पिवळी पाटी आणि वाटेवर ठिकठिकाणी रंगविलेला पिवळा चौकटीच्या आकाराचा ठिपका ही साध्या वाटेची खूण. साठी उलटलेल्या पण चालण्याची सवय असलेल्या व्यक्तीस ती सहज जमते. पिवळ्या पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट होय. तेथे चढ तीव्र असतो, वाट अरुंद व काही ठिकाणी उघड्या कड्यावरून जाणारी असते, आणि तळव्याला पकड असलेले मजबूत बूट, स्थिर पाऊल व उंचीची भीती नसणे या तिन्हींची गरज असते. पाटी निळी असून तिच्यावर पांढरा-निळा-पांढरा पट्टा असेल, तर ती हिमनद्या, घसारा आणि कातळ यांतून जाणारी वाट आहे. तेथे हातांचाही उपयोग करावा लागतो, दोर व बर्फकुऱ्हाडही लागू शकते. सर्वसाधारण प्रवाशाने निळा रंग दिसताच मागे फिरावे. अशा वाटा एकूण जाळ्यात फार थोड्या आहेत, सुमारे दोन-तृतीयांश वाटा पिवळ्याच आहेत, तेव्हा मागे फिरल्याने हुकते असे फारसे काही नाही.

पाटीवर अंतर किलोमीटरमध्ये नसते, वेळ दिलेली असते, आणि अनुभवी गिर्यारोहकही पहिल्या दिवशी येथेच चुकतो. ही वेळ सपाटीवर ताशी सुमारे सव्वाचार किलोमीटर चालीने, चढ-उताराचा हिशेब धरून काढलेली असते आणि तीत विश्रांतीचा एकही क्षण धरलेला नसतो. छायाचित्रे काढणे, डबा खाणे, बुटाची नाडी बांधणे हे सर्व वेगळे. पाटीवर अडीच तास लिहिले असतील, तर सवय नसलेल्याने चार तास धरून चालावे. एक साधी कसोटी अशी की पहिल्या पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत स्वतःला लागलेला वेळ घड्याळात पाहावा आणि पुढील सर्व आकडे त्या प्रमाणात वाढवावेत. पाटीच्या वर पांढऱ्या पट्टीत त्या जागेचे नाव व समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. ती वहीत टिपून ठेवावी, कारण संकटात सापडल्यास ‘मी कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर तीच देते.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ढोरवाटांचा घोटाळा ठाऊक असतो. मूळ वाटेपेक्षा गुरांची वाट अधिक रुंद, अधिक मळलेली दिसते आणि माणसाला भलत्याच उतारावर नेऊन सोडते. आल्प्सच्या कुरणांतही हेच घडते, आणि तेथे धुके उतरले की अवस्था अधिकच बिकट होते. नियम असा की दहा-पंधरा मिनिटांत रंगाची एकही खूण दिसली नाही, तर पुढे न जाता शेवटच्या खुणेपाशी परत यावे. पुढे कोठेतरी वाट मिळेलच, हा आशावाद डोंगरात घातक ठरतो. देशाच्या भूमापन खात्याचे नकाशे छापील स्वरूपात मिळतात आणि भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. तरीही कागदाचा नकाशा जवळ असावा, कारण थंडीत यंत्राची विद्युत्‌घटी लवकर उतरते.

प्रारंभासाठी एखादी सोपी वाट निवडावी. म्यॅनलिखेन येथे पाळण्याने चढून तेथून क्लायने शायडेग या रेल्वे स्थानकापर्यंत जाणारी सुमारे साडेचार किलोमीटरची वाट याचे चांगले उदाहरण आहे. वाट बहुतांशी उताराची व रुंद असून समोर आयगर (३,९६७ मीटर) आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ही शिखरे सतत दृष्टीसमोर राहतात. दोन्ही टोकांना वाहन असल्यामुळे आल्या वाटेने परत चढावे लागत नाही. अनोळखी प्रदेशात हा गुण दृश्यापेक्षाही मोलाचा.

ऋतूविषयी थोडेसे. जूनमध्येही दोन हजार मीटरच्या वर, विशेषतः उत्तरेकडील उतारांवर, बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. सकाळी ते काचेसारखे कठीण असतात आणि त्यांवरून पाय घसरला की थांबविणारे काही नसते. उन्हाळ्यात दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस होतो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत खिंड ओलांडलेली असावी. ओढ्याकाठी थांबण्यापूर्वी पाट्या पाहाव्यात. वर कोठेतरी जलविद्युत्‌ केंद्राचे धरण असेल, तर निरभ्र आकाशाखालीही नदीचे पाणी अकस्मात वाढते, आणि तशी सूचना देणारे फलक काठावर लावलेले असतात. उंच गवतातून गेल्यास संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना, हे तपासावे. तेथील गोचिडींमुळे गंभीर आजार होतात.

गाईंच्या बाबतीत भारतीय प्रवाशाने विशेष सावध राहावयास हवे, कारण त्याला गाईची भीतीच वाटत नाही. रस्त्यातील गाईच्या पाठीवर थाप मारून पुढे जाण्याची सवय येथे उपयोगाची नाही. कुरणातील वासरांसह चरणाऱ्या गाई माणसाला शत्रू समजून अंगावर येऊ शकतात. वासराला हात लावण्याचा मोह टाळावा, कळपापासून दूर राहून वळसा घालावा, काठी उगारू नये, आणि कुंपणाचे फाटक उघडल्यास ते आठवणीने लावावे. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. ते भुंकत धावून आले तर पळू नये. शांत उभे राहावे, त्यांना खात्री पटू द्यावी आणि मग कळपाला लांबून वळसा घालून जावे.

मुक्कामासाठी उंचावर निवारे आहेत. स्विस आल्पाइन क्लब या १८६३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे असे सुमारे दीडशे निवारे आहेत. (१९०७ ते १९८० या काळात या संस्थेचे दरवाजे स्त्रियांना बंद होते, ही गोष्ट तिच्या गौरवाबरोबरच सांगावयास हवी. दरम्यान स्त्रियांनी १९१८ साली स्वतःचा वेगळा क्लब काढला आणि डोंगर चढणे चालूच ठेवले.) जागा आधी राखून ठेवावी आणि शाकाहारी जेवणाची सूचनाही त्याच वेळी द्यावी, ऐनवेळी पोहोचून मागणी केल्यास पाव आणि चीज याखेरीज काही मिळेलच असे नाही.

अपघात झाल्यास १४१४ या क्रमांकावर रेगा ही १९५२ साली स्थापन झालेली हवाई बचावसंस्था मिळते. वाले परगण्यात मात्र १४४ हा क्रमांक वापरावा. दूरध्वनी लागत नसेल, तर एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी किंवा विजेरी दाखवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले, म्हणजे कोणीतरी ऐकले आहे असे समजावे. हेलिकॉप्टर दिसताच दोन्ही हात तिरपे वर उंचावणे म्हणजे ‘होय, मदत हवी’. एक हात वर व एक खाली म्हणजे ‘नको’. आनंदाने दोन्ही हात हलवून वैमानिकाचे स्वागत करणाऱ्या हौशी प्रवाशांनी हे ध्यानात ठेवावे. बचावाचा खर्च मोठा असतो. प्रवेशपत्रासाठी काढलेल्या विम्यात डोंगरातील बचावाचा समावेश आहे काय, हे घरून निघण्यापूर्वीच वाचून पाहावे.

वाटेत भेटणाऱ्याला अभिवादन करण्याची रीत आहे. शहरात शेजाऱ्याकडे न पाहणारी माणसे डोंगरात प्रत्येकाला ‘ग्रुएत्सी’ म्हणतात. फ्रेंच भागात ‘बोंझूर’, इटालियन भागात ‘बॉनजोर्नो’, आणि एंगादिनच्या खोऱ्यात ‘अलेग्रा’. उत्तर द्यावे. वाट विचारावयाची असल्यास हाच क्षण योग्य. परतीची शेवटची पिवळी टपालमोटार किती वाजता सुटते, हे थांब्यावरील वेळापत्रकात सकाळीच पाहून ठेवलेले असावे. अरुंद घाटात वळणापूर्वी ती तीन सुरांचा भोंगा वाजविते, आणि हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेच्या प्रारंभीच्या वादनातून घेतलेले आहेत. दमलेल्या पायांना दूरवरून ते ऐकू आले की वेग आपोआप वाढतो.

उंचावरील कुरणांत उन्हाळ्यापुरते राहावयास आलेले गवळी तेथेच चीज करतात, आणि त्यांच्या लाकडी घराबाहेर पुष्कळदा एक शीतकपाट किंवा झऱ्याच्या पाण्यात ठेवलेली पेटी दिसते. आत चीजचे तुकडे, लोणी, दुधाच्या बाटल्या असतात आणि प्रत्येकावर किंमत लिहिलेली असते. विक्रेता कोणी नसतो. शेजारी पत्र्याचा डबा असतो, त्यात पैसे टाकावयाचे आणि वस्तू उचलावयाची. खालच्या खेड्यांतही शेतकऱ्यांच्या घरांपुढे अंडी, बटाटे, मध अशाच रीतीने विकावयास ठेवलेले असतात. डब्यातून मोड परत मिळत नाही, म्हणून डोंगरात निघताना खिशात एक, दोन आणि पाच फ्रँकची सुटी नाणी असावीत. बाटली रिकामी झाली की ती तेथेच परत ठेवावी.